पाणी गेलेलं, राळ राहिलेली

सांता फे ही न्यू मेक्सिको राज्याची राजधानी समुद्रसपाटीपासून सुमारे सात हजार फुटांवर वसलेली आहे. तिथं थंडीच्या दिवसांत संध्याकाळी गल्लीबोळांतून फिरताना एक वास पाठ सोडत नाही. थोडा गोडसर, थोडा धुपासारखा. हा वास पिन्यॉन नावाच्या पाइनच्या सरपणाचा. २४ डिसेंबरच्या रात्री तिथल्या कॅन्यन रोडवर या लाकडाच्या फाट्या चौकोनी रचून छोट्या शेकोट्या पेटवतात. उत्तर न्यू मेक्सिकोत त्या शेकोट्यांना लुमिनारिया म्हणतात आणि कागदी पिशवीत वाळू घालून लावलेल्या मेणबत्त्यांना फारोलितो. त्याच राज्यातल्या अल्बुकर्की शहराचे लोक मात्र त्या पिशव्यांनाच लुमिनारिया म्हणतात. नाताळ आला की या नावावरून दोन गावांची हुज्जत ठरलेली.

अमेरिकेत घरामागच्या अंगणात फायरपिट (शेकोटीचा खळगा) किंवा चिमिनेया नावाची मातीची पोटाळ शेगडी ठेवायची हौस बरीच आहे, आणि तिकडे स्थिरावलेल्या मराठी मंडळींनाही ती लागली आहे. नैऋत्येकडच्या लाकडाच्या वखारीत गेलात तर पिन्यॉनचा ढीग वेगळा रचलेला आणि साध्या पाइनपेक्षा महाग असतो. वासासाठी जास्तीचे पैसे मोजायचेच असतील, तर तो वास लाकडात नेमका कुठं असतो आणि कशानं जातो, हे आधी कळलेलं बरं. कारण चुकीचा ढीग उचलला तर वासाऐवजी नुसता धूर पदरात पडतो.

पिन्यॉनचं शास्त्रीय नाव पायनस एड्युलिस. बुटकं, पसरट झाड. सुया दोन-दोनच्या जोडीनं येतात. शंकूतल्या बिया खाण्याजोग्या असतात आणि त्या भागातले मूळ रहिवासी हजारो वर्षं त्या खात आले आहेत. आपल्याकडे सुक्या मेव्याच्या दुकानात किनौरचा चिलगोजा मिळतो, तो याच पाइन कुळातला. झाड वाढतं मात्र फार सावकाश. वर्षाला जेमतेम पाऊस, खडकाळ जमीन, थंडीत बर्फ. मांडीएवढ्या जाडीचं खोड शंभरी ओलांडलेलं निघालं तर नवल नाही. अशा मंदगती वाढीमुळे लाकूड घट्ट होतं. शेजारच्या पाँडेरोसा पाइनपेक्षा त्याची घनता बरीच जास्त, म्हणून पिन्यॉन जास्त वेळ जळतो आणि त्याचे निखारेही बरे धरतात.

आता राळ. पाइनच्या लाकडात केसाएवढ्या बारीक नळ्यांचं जाळं असतं आणि त्या नळ्यांच्या भिंतीतल्या पेशी राळ स्रवत राहतात. झाडाला जखम झाली, किड्यानं भोक पाडलं, की राळ तिथं धावते, किड्याला बुडवते, भोक बुजवते. हे झाडाचं हत्यार आहे. आपल्या नाकाला ते आवडतं हा निव्वळ योगायोग.

राळेचे दोन भाग. एक उडून जाणारा, ज्याला टर्पेंटाइन म्हणतात. त्यात टर्पीन नावाची दहा कार्बन-अणूंची लहान रसायनं असतात, आणि पिन्यॉनमध्ये त्यांत अल्फा-पायनीन सर्वांत जास्त. दुसरा भाग चिकट, घट्ट, न उडणारा; त्यात ॲबिएटिक आम्लासारखे वीस कार्बनचे जड रेणू असतात. अल्फा-पायनीन सुमारे १५६ अंश सेल्सिअसला उकळतं. लाकूड स्वतः विघटित होऊन भराभर ज्वलनशील वायू सोडू लागतं ते २५० ते ३०० अंशांच्या आसपास. म्हणजे फाटी तापत असते पण पेटलेली नसते, अशी काही मिनिटं मिळतात. सुगंधाचा हंगाम तो.

अल्फा-पायनीन आपल्यालाही परकं नाही. आरतीच्या ताटातल्या कापराच्या वड्या आज बहुतांश कारखान्यात बनतात, आणि त्यांचा कच्चा माल म्हणजे पाइनच्या टर्पेंटाइनमधलं हेच पायनीन. त्याचं आधी कॅम्फीन करतात, मग दोन-तीन पायऱ्यांनी कापूर. कार्बनचे अणू तितकेच, दहा. मांडणी बदलते आणि एक ऑक्सिजन येऊन चिकटतो.

फाटी एकदा भडकली की चित्र पालटतं. ज्वाळेत सापडलेलं टर्पीन जळून जातं. उरतात कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ, आणि या दोन्हींना वास नाही. थोडक्यात, आपल्या नाकापर्यंत पोचतं ते न जळलेलं. आग जितकी चोख, तितका सुगंध कमी. त्यामुळे पिन्यॉनची मोठी होळी पेटवून वास येत नाही म्हणून कुरकुरणाऱ्या माणसाला वखारवाल्यानं फसवलेलं नसतं. वास हवा असेल तर शेकोटी दुसऱ्या कोरड्या लाकडाची करावी. न्यू मेक्सिकोत त्यासाठी ज्युनिपर वापरतात, तिकडे त्यालाच ‘सीडार’ म्हणतात. निखारे चांगले धरले की पिन्यॉनची एखादी फाटी मध्यात न टाकता कडेला ठेवावी. ती हळूहळू तापते आणि वास सोडत राहते. चिमिनेयात तर मनगटाएवढी एक फाटीही पुरते.

याचाच दुसरा अर्थ, ओलं लाकूड जास्त वासाचं वाटतं. ते वाटणं अगदीच खोटं नाही. ओल्या फाटीतून सूं-सूं करत वाफ निघते आणि ती वाफ टर्पिनांना सोबत घेऊन १०० अंशांच्या आतच बाहेर पडते. टर्पेंटाइनच्या भट्टीतही वाफेनं हेच काम करून घेतात. पण त्या वासाबरोबर धूरही येतो, तोही डोळे चोळायला लावणारा. लोक म्हणतात, ओलं लाकूड पाणी उडवण्यात सगळी धग वाया घालवतं. हिशेब करून पाहा. एक किलो ताज्या लाकडात अर्धा किलो पाणी धरलं, तर ते तापवून उडवायला साधारण १.३ मेगाज्यूल लागतात. उरलेलं अर्धा किलो कोरडं लाकूड नऊ मेगाज्यूलच्या आसपास देतं. म्हणजे गेला फक्त सातवा हिस्सा. खरी गोम तपमानात आहे. लाकडात पाणी आहे तोवर त्या जागेचं तपमान १०० अंशांपाशी अडकून राहतं, बाहेर पडणाऱ्या वायूंना पेट घ्यायला लागणारी उष्णता मिळत नाही, आणि ते तसेच, न जळता, धूर होऊन अंगावर येतात.

तेव्हा शोधायचं ते असं लाकूड, ज्यातलं पाणी गेलंय पण राळ राहिली आहे. ओलावा २० टक्क्यांच्या खाली हवा. टोचून पाहायचं ओलावामापक यंत्र स्वस्तात मिळतं, पण टोचायचं ते फाटीच्या टोकाला नाही. फाटी नव्यानं फोडून आतल्या ताज्या पृष्ठभागावर. टोकं केव्हाच वाळलेली असतात आणि दिशाभूल करतात. यंत्र नसेल तर दोन फाट्या एकमेकींवर आपटाव्यात. कोरड्या टणकन वाजतात, ओल्या धप्प. सालीला हात लावताच ती सुटत असेल, टोकाला मध्यापासून कडेकडे भेगा गेल्या असतील, तर बरं लक्षण. फाटीच्या एका टोकाला साबणाचं पाणी लावून दुसऱ्या टोकानं फुंकायचं, बुडबुडे आले तर कोरडं, अशी एक युक्ती सांगतात. ती रेड ओकसारख्या लाकडाला लागू पडते, कारण त्यात लांबलचक मोकळ्या नळ्या असतात. पाइनचं लाकूड मात्र काही मिलिमीटर लांबीच्या, दोन्हीकडे बंद पेशींचं बनलेलं असतं. इथं फुंकून गाल दुखतील, बुडबुडा येणार नाही.

राळ राहिली आहे का, हे गाठीपाशी पाहावं. फांदी जिथून फुटली होती तिथं लाकूड पिवळसर-तांबूस, जरा पारदर्शक दिसतं. उन्हात धरलं तर कडा मधासारखी चमकते. नखानं ओरखडा काढून लगेच नाकाशी धरा. वास तिखट आणि ताजा आला तर हलके टर्पीन शिल्लक आहेत. नुसता मंद धुपासारखा आला तर हलका भाग उडालेला, जड राळ उरलेली; असं लाकूड पेटायला उत्तम, दरवळायला मध्यम. काहीच आला नाही तर ते वर्षानुवर्षं उन्हापावसात पडलेलं सरपण आहे. जळेल छान, पण पिन्यॉनचे पैसे देऊ नका.

राळेनं गच्च भरलेल्या गाठी आणि बुंध्याचे तुकडे मात्र ढलप्या काढून वेगळे ठेवावेत. एका काडीनं पेटतात, ओल्या हवेतही विझत नाहीत. मेक्सिकोच्या बाजारात अशा ढलप्यांच्या जुड्या ओकोटे नावानं विकतात. उत्तराखंडातल्या कुमाऊंत चीड नावाच्या पाइनच्या अशाच ढलप्यांना छिलुक म्हणतात. वीज यायच्या आधी त्यांचा पलिता करून लोक रात्री वाट चालत.

पाइन अंगणातच का जाळायचा, घरात का नाही? तडतड हे एक कारण. लाकडाच्या बंद कप्प्यात अडकलेलं पाणी आणि राळ उकळते, दाब वाढतो, कप्पा फुटतो आणि ठिणगी दोन-चार फूट उडते. चिमिनेयाच्या तोंडाला जाळी असलेली बरी. राळेच्या पिवळ्या ज्वाळेतून काजळीही भरपूर धरते. भांड्याचा बुडखा काळा होतोच, पण उघड्यावर भाजलेलं कणीस किंवा वांगंही कडवट लागतं. स्वयंपाकाला ओक-मेस्किटसारखं लाकूड चांगलं, कारण त्यांच्या लिग्निनमधून, म्हणजे लाकडाला ताठपणा देणाऱ्या घटकातून, जळताना ग्वायकॉल या संयुगाबरोबर सिरिंगॉलही निघतं आणि धुरावरच्या मांसाची चव बऱ्याच अंशी त्या जोडीमुळे येते. पाइनच्या लिग्निनमधून सिरिंगॉल जवळजवळ येतच नाही. अर्थात चीनच्या फुच्यान प्रांतात लापसांग सूचाँग नावाचा चहा मुद्दाम पाइनच्या धुरावर वाळवतात, आणि त्याचे भक्त जगभर आहेत. मला विचाराल तर एक कप पुरे.

पिन्यॉनच्या धुरानं डास पळतात असंही विकणारे सांगतात. दाट धूर कुठलाही असो, डास थोडे लांब राहतात. पिन्यॉनला त्याचं वेगळं श्रेय द्यायला सबळ आधार नाही. आणि सुगंधी असला तरी धूर तो धूरच. त्यात फुफ्फुसात खोलवर जाणारे सूक्ष्म कण असतात. ॲबिएटिक आम्ल तापून त्यातून रेटीन नावाचं संयुग बनतं, आणि हवेच्या नमुन्यात ते सापडलं की पाइनसारखं लाकूड कुठंतरी जळतंय हे प्रयोगशाळेत ओळखता येतं. घरात कुणाला दमा असेल तर वाऱ्याची दिशा पाहूनच शेकोटी मांडावी. अल्बुकर्कीत थंडीत हवा कोंडते त्या रात्री लाकूड जाळायला मनाईही असते.

या सरपणामागे एक उदास गोष्टही आहे. २००२-०३ च्या कडक दुष्काळात पिन्यॉनांना राळ बनवायलाच पाणी पुरेना. हत्यार बोथट झालं आणि इप्स जातीच्या सालकिड्यांनी हल्ला केला. लॉस अलामोसजवळच्या एका अभ्यासक्षेत्रात ९० टक्क्यांहून अधिक पिन्यॉन मेले. सालकिड्यांच्या काही जाती तर झाडाचं अल्फा-पायनीन स्वतःच्या अंगात बदलून त्याचाच संकेतगंध करतात आणि जातभाईंना बोलावून घेतात. उभ्यानं वाळलेल्या अशा झाडांचं लाकूड सरपणाला चांगलंच असतं. त्यात निळसर-करडे पट्टे दिसले तर घाबरू नका. किड्यांबरोबर आलेल्या बुरशीचा तो रंग आहे, जळण्यात फरक पडत नाही. फक्त ते लाकूड लांब नेऊ नये, कारण सालीखाली किडे मुक्कामाला असू शकतात. राष्ट्रीय वनांतून मेलेलं, पडलेलं लाकूड गोळा करायला वनखातं परवाना देतं. जिवंत पिन्यॉनवर कुऱ्हाड चालवायची गरजच पडत नाही.

शेवटी विझवण्याबद्दल, कारण या कामात आळस फार होतो. जानेवारी २०२२ मध्ये न्यू मेक्सिकोच्या डोंगरांत वनखात्यानं पाल्या-फांद्यांचे ढीग ठरवून जाळले होते. वर बर्फ पडला, सगळं विझल्यासारखं दिसलं. एका ढिगात आग धुमसत राहिली आणि एप्रिलमध्ये वर आली. काफ कॅन्यनचा हा वणवा शेजारच्या हर्मिट्स पीकच्या वणव्याला मिळाला, आणि दोघांनी मिळून ३ लाख ४१ हजार एकर जाळले. राज्याच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा वणवा. अंगणातल्या फायरपिटचे निखारे राखेखाली दुसऱ्या दिवशीही जिवंत असू शकतात. पाणी ओता, काठीनं तळापर्यंत ढवळा, पुन्हा ओता, आणि राखेजवळ पालथा हात धरून धग अजिबात लागत नाही ना ते पाहा. मातीच्या चिमिनेयात मात्र पाणी ओतू नका, तापलेली माती तडकते; तिथं वाळू टाका, तोंड झाका आणि राख दुसऱ्या दिवशी गार झाल्यावरच पत्र्याच्या डब्यात काढा.