हवापुरवठा : रूपांतरित बसमधील

हवेच्या ब्रेकची बस मूळ कामावरून काढून तिचा फिरता दवाखाना, रक्तसंकलन वाहन, ग्रंथालय किंवा कॅराव्हॅन केली, अथवा तिचे डिझेल इंजिन उतरवून विजेची मोटर बसवली, की दाबाखालील हवेचे सगळे गणित बदलते. कॉम्प्रेसर, ड्रायर (हवेतले पाणी शोषणारे साधन), नळ्या, टाक्या आणि व्हॉल्व्ह ही साखळी कारखान्यातून निघताना विशिष्ट खर्चासाठी मापलेली असते. त्यावर हवेचे सस्पेन्शन, जादा दरवाजा, हवेवर उचलणारी पायरी किंवा मोठा हॉर्न चढला की ती तोकडी पडते. नवी मुंबईजवळच्या कळंबोलीच्या गॅरेजांत ही तक्रार दोन प्रकारे येते : ‘गाडी हवा बनवत नाही’ आणि ‘गाडी हवा धरत नाही’. पहिली तक्रार पुरवठ्याची, दुसरी गळतीची. दोन्हींवर सरसकट जादा टाकी बसवणे हा सर्वांत प्रचलित आणि बहुधा चुकलेला उपाय होय.

उगम : हवेच्या ब्रेकचे जनक म्हणून बहुतेक संदर्भग्रंथ जॉर्ज वेस्टिंगहाउस यांचे नाव व १८६९ हे पेटंटचे वर्ष देतात. रेल्वेपुरते ते योग्य आहे. त्या पहिल्या रचनेत हवा इंजिनाकडून थेट डब्यांच्या ब्रेकपर्यंत जाई, म्हणून नळी तुटली की ब्रेकही जात. १८७२ च्या सुमारास वेस्टिंगहाउस यांनी क्रम उलटा केला. प्रत्येक डब्याला स्वतःची टाकी दिली आणि नळीतला दाब उतरताच त्या टाकीने ब्रेक लावावा, अशी योजना केली.

रस्त्यावरच्या वाहनांपर्यंत हे तंत्र नेमके कोणी आणले, यावर मात्र एकमत नाही. जर्मन परंपरा तेव्हा बर्लिनच्या, आता म्युनिकच्या क्नॉर-ब्रेम्झे कंपनीला मान देते. ट्रकची चारही चाके आणि मागचा ट्रेलर एकत्र रोखणारी हवेची ब्रेकरचना तिने १९२३ मध्ये आणली, असे सांगितले जाते. अमेरिकी लेखक वेस्टिंगहाउस कंपनीच्या १९२० च्या दशकातील मोटारविषयक कामाकडे आणि १९३० मधील बेंडिक्स-वेस्टिंगहाउस या संयुक्त कंपनीकडे बोट दाखवतात. या वादात ‘पहिला’ हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो : एक बाजू चारही चाकांची पूर्ण रचना मोजते, दुसरी बाजू बाजारात रुळलेला माल मोजते. पूर्ण रचनेचा निकष धरला तर जर्मन तारीख अधिक ग्राह्य वाटते.

मात्र तारखेपेक्षा तंत्राचा वंश अधिक महत्त्वाचा आहे, आणि तेथे बरीच पुस्तके घसरतात. बसचा पायाचा ब्रेक १८७२ च्या नव्हे, १८६९ च्या रचनेचा वारस आहे : पेडल दाबले की टाकीतली हवा चाकाजवळच्या ब्रेक चेंबर या डब्यात जाऊन ब्रेक लावते. फिटर मंडळी या चेंबरला ‘बूस्टर’ म्हणतात. दाब उतरताच ब्रेक लागावा हे तत्त्व बसमध्ये बरेच उशिरा, साधारण विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, स्प्रिंगच्या पार्किंग ब्रेकमधून आले; त्यात हवेने रेटून धरलेली स्प्रिंग दाब जाताच ब्रेक लावते. त्यामुळे ‘हवा गेली की गाडी आपोआप थांबते’ हे वाक्य अर्धेच खरे आहे. हवा हळूहळू उतरू लागली तर आधी पायाचा ब्रेक दुबळा होतो. पुढे दाब पाच-साडेपाच बारच्या (बार हे दाबाचे एकक, साधारण वातावरणाच्या दाबाएवढे) खाली गेला की स्प्रिंग अर्धवट धरू लागते, लाइनर ड्रमला घासतो आणि ड्रम तापतो. हवा तुटपुंजी असलेली बस अशी दोन्हीकडून अडचणीत सापडते : एक ब्रेक लावायला हवा लागते, तर दुसरा सोडवायला.

भारतात ब्रिटिश वळणाच्या बसगाड्यांवर निर्वात-साहाय्यित ब्रेक दीर्घकाळ टिकले. हवेच्या ब्रेकच्या देशी उत्पादनाशी चेन्नईच्या सुंदरम-क्लेटन कंपनीचे नाव प्रामुख्याने जोडले जाते. ब्रिटनच्या क्लेटन ड्युआंद्र कंपनीच्या सहकार्याने ती १९६२ मध्ये स्थापन झाली.

साठा आणि पुरवठा : २२५ घनसेंटिमीटरचा एकसिलिंडर कॉम्प्रेसर इंजिनाच्याच वेगाने फिरतो असे धरू. मिनिटाला ६०० फेऱ्यांच्या आयडलिंगवर, म्हणजे गाडी उभी असतानाच्या मंद वेगावर, तो १३५ लिटर हवा ओढतो. गरम हवा व व्हॉल्व्हची गळती वजा जाता सरासरी ८० लिटर टाकीकडे जाते असे मानू. टाक्यांची एकूण क्षमता ६० लिटर असेल, तर रिकाम्या अवस्थेतून ८ बार गाठायला ४८० लिटर मोकळी (न दाबलेली) हवा, म्हणजे ६ मिनिटे लागतात. आता ३० लिटरची जादा टाकी जोडली तर ७२० लिटर हवा लागेल आणि वेळ ९ मिनिटांवर जाईल. राखीव हवा दीडपट झाली, पण मिनिटाला मिळणारी हवा तेवढीच राहिली. त्याऐवजी कॉम्प्रेसर ३१८ घनसेंटिमीटरचा बसवला, तर त्याच आयडलिंगवर ओढली जाणारी हवा १९० लिटरच्या पुढे जाते.

खर्चाची बाजूही मोजता येते. दरवाज्याच्या सिलिंडरचा व्यास ६३ मिलिमीटर व दांड्याची धाव २०० मिलिमीटर असेल, तर ६ बारवर एका हालचालीला सुमारे साडेचार लिटर मोकळी हवा लागते. प्रत्येकी एका सिलिंडरचे दोन दरवाजे एका थांब्यावर उघडून बंद झाले की सतरा-अठरा लिटर हवा गेली. चारही चाकांवर जोरात मारलेल्या एका ब्रेकला लागणाऱ्या वीस-पंचवीस लिटरांच्या तुलनेत ही किरकोळ नव्हे.

यातून ठाण्यापुरता एक अनपेक्षित निष्कर्ष निघतो. चालकांना घोडबंदर रस्त्यावरील गायमुखच्या घाटाची धास्ती असते आणि ती योग्यच आहे. पण उतारावर गियरमध्ये असलेले इंजिन वेगाने फिरते, त्यामुळे कॉम्प्रेसरही भरपूर हवा देतो. हवेची खरी ओढाताण त्याच रस्त्यावर माजिवडा ते कासारवडवली या वाहनांच्या रांगेत होते. तेथे इंजिन आयडलिंगवर असते, दर शंभर मीटरला ब्रेक लागतो, दरवाजे उघडमीट करतात आणि सस्पेन्शनचे फुगे माणसे चढताउतरताना हवा घेत-सोडत राहतात. रूपांतरित गाडीची चाचणी नवी मुंबईच्या मोकळ्या पाम बीच मार्गावर घेऊन ‘सगळे ठीक’ म्हणणे धोक्याचे आहे.

पाणी : ३० अंश तापमानाची पूर्ण दमट हवा घनमीटरमागे सुमारे ३० ग्रॅम बाष्प धरते. जुलैतील ८५ टक्के आर्द्रतेत ते २६ ग्रॅम भरेल. ती हवा ८.५ बारपर्यंत दाबून पुन्हा ३० अंशांवर आणली, तर केवळ तीनेक ग्रॅम बाष्परूपात उरते. बाकीचे सुमारे २२ ग्रॅम पाणी होऊन कुठेतरी साचते. पावसाळ्यातल्या सकाळी जुन्या बसच्या पहिल्या टाकीचा ड्रेन कॉक सोडला, की आधी फुसकन हवा येते आणि मग राखाडी, ताकासारखा दाट द्रव हातावर उडतो. त्याला जळक्या तेलाचा वास असतो. तो द्रव म्हणजे पाणी आणि कॉम्प्रेसरच्या रिंगांतून वर आलेले तेल. कॉम्प्रेसर विश्रांतीविना सतत हवा भरत राहिला तर तापतो, अधिक तेल सोडतो आणि निर्गम नळीत काजळीचा थर चढवतो. नळी अरुंद झाली की तो आणखी तापतो. नवी साधने चढवून पुरवठा जैसे थे ठेवला, की गाडी या चक्रात सापडते.

क्षमता वाढवण्याचा क्रम : पहिले काम गळती. पूर्ण दाब भरून, चाकांना उटी (अडवणारे ठोकळे) लावून, इंजिन बंद करावे आणि पेडल दाबून धरून काटा पाहावा. एकसंध (ट्रेलर नसलेल्या) वाहनासाठी अमेरिकी चालक-परीक्षेत मिनिटाला ३ पीएसआय, म्हणजे सुमारे ०.२ बारहून जास्त उतार चालत नाही. ६० लिटरच्या टाक्यांत एवढाच उतार म्हणजे मिनिटाला १२ लिटर, वरच्या उदाहरणातील आयडलिंगच्या पुरवठ्याचा सातवा हिस्सा. साबणाचे पाणी ब्रशने प्रत्येक जोडावर फिरवले तर हा हिस्सा बहुधा फुकट परत मिळतो.

त्यानंतर कॉम्प्रेसर. मोठा बसवताना त्याचे तेल, थंड पाण्याची जोडणी आणि ड्राइव्हचे गुणोत्तर जुळते का, हे पाहावे. निर्गम नळी त्याच्या मापाची, पुरेशी लांब आणि ड्रायरकडे सलग उतरती हवी. मध्ये झोळ पडला तर तेथे पाणी साचते. कॉम्प्रेसरच्या माथ्यातून दीडशे अंशांहून गरम निघालेली हवा ड्रायरपाशी ६५ ते ८० अंशांच्या आत आली पाहिजे, नाहीतर आतले शोषक दाणे पाणी धरत नाहीत. ड्रायर स्वतःला वाळवतो (यालाच पुनर्जनन म्हणतात) तो भरणी थांबल्यावर एका छोट्या टाकीतून मागे सोडलेल्या कोरड्या हवेने. टाक्या वाढवून भरणी लांबवली आणि ही पुनर्जननाची टाकी जुनीच ठेवली, तर दाणे ओलेच राहतात आणि नव्या टाकीत पाणी उतरते. हा दोष महिनोन्‌महिने दिसत नाही, म्हणून तो येथे मुद्दाम नोंदवला आहे.

टाकी शेवटी, आणि योग्य जागी. हवा चार स्वतंत्र वाटांत विभागणाऱ्या संरक्षक व्हॉल्व्हवर २१, २२, २३, २४ असे आकडे कोरलेले असतात : पहिले दोन पायाच्या ब्रेकचे, तिसरा पार्किंगचा, चौथा इतर साधनांचा. नवे काहीही चौथ्या वाटेवरच, स्वतंत्र टाकीसह घ्यावे. हॉर्नसाठी जवळ पडते म्हणून २१ च्या टाकीला टी (तीन तोंडांचा जोड) मारणे हा प्रकार आढळतो. तो प्रवाशांच्या जिवाशी खेळ आहे, एवढेच येथे म्हणावेसे वाटते.

नियम : १९७५ मध्ये अमलात आलेल्या एफएमव्हीएसएस १२१ या अमेरिकी मानकात टाक्यांचे एकूण आकारमान ब्रेक चेंबरांच्या किमान १२ पट सांगितले आहे. भारतात ब्रेकसाठी आयएस ११८५२ आणि बसच्या बॉडीसाठी एआयएस-०५२ ही मानके आहेत. नोंदणीतील तपशिलाशी विसंगत बदलांना मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ आळा घालते. काम काढण्यापूर्वी ठाणे, वाशी किंवा पनवेलच्या आरटीओकडे कागद नेणे त्यामुळे श्रेयस्कर. महाराष्ट्राच्या २०२१ मधील कॅराव्हॅन पर्यटन धोरणानंतर कॅराव्हॅनच्या कामाला सरकारी पाठबळही मिळाले आहे.

इलेक्ट्रिक रूपांतर : येथे कॉम्प्रेसर स्वतःच्या मोटरवर चालतो, त्यामुळे वाहतूककोंडीतही पुरवठा घटत नाही. वेग कमी करताना मोटरच वीज परत बनवते (रीजनरेटिव्ह ब्रेकिंग), त्यामुळे पायाच्या ब्रेकची हवाही वाचते. मात्र लहान विद्युत कॉम्प्रेसर अखंड चालवला तर लवकर तापतो. शिवाय तो दर वेळी थोडाच वेळ चालला, तर त्याचे तेल पुरेसे तापत नाही आणि त्यात पाणी मिसळून ते दुधाळ होते; तेल पाहण्याच्या काचेत हा पांढरेपणा प्रथम दिसतो.