पणजोबांची तीन वर्षं

पणजोबांच्या जन्माला सव्वाशे वर्षं कधी झाली, यावरून आमच्या बडोद्यातल्या प्रतापनगरच्या घरात दिवाळीपासून वाद चालू आहे. रेल्वेच्या कागदावरून हिशेब केला तर ती 2022 मध्येच होऊन गेली. शाळेच्या दाखल्यावरून धरलं तर 2025. थोरले काका म्हणतात, ज्या कागदावर पगार झाला तो खरा. हा तीन वर्षांचा फरक आला कुठून, हे बघायला गेलो आणि जुन्या बडोदे संस्थानातच शिरावं लागलं.

पणजोबा स्वतः साल कधी सांगत नसत. "छप्पनियातला मी," एवढंच म्हणत. छप्पनियो म्हणजे विक्रम संवत 1956, इंग्रजी 1899-1900 चा दुष्काळ. 1891 च्या शिरगणतीत संस्थानची वस्ती 24 लाखांवर होती, 1901 मध्ये ती साडेएकोणीस लाखांवर आली. त्या साली जन्मलेलं पोर हातीपायी धड राहिलं हेच नवल, तारीख कोण लक्षात ठेवणार? गावात वयाचा हिशेब आपत्तींवरच चाले. छप्पनियो, मग मरकी म्हणजे प्लेग, मग 1918 ची मानमोडी, मग त्र्याऐंशीची रेल. ही रेल म्हणजे आगगाडी नव्हे. पुराला इकडे रेल म्हणतात, आणि संवत 1983 चा, म्हणजे जुलै 1927 चा महापूर अजून म्हाताऱ्यांच्या बोलण्यात येतो. त्यात आमच्या घरात पंचांग शालिवाहन शकाचं, म्हणजे पोराचा जन्म शके 1821. एकाच जिवाला तीन सालं, आणि तिन्ही बरोबर.

आमचं मूळ देशावरचं. पणजोबांचे वडील एका इनामदाराबरोबर इकडे आले आणि डभोईजवळच्या गावात त्याच्या कपाशीच्या शेतावर सालाने राहिले. बडोद्याची मराठी माणसं म्हटलं की लोकांना सरदार, कारकून आणि दांडिया बाजारातले वाडे आठवतात. सालदारांची, पागेतल्या मोतद्दारांची, माळीकाम करणाऱ्यांची घरं त्या चित्रात नसतात. खरं तर गादीवर बसलेला माणूसही कवळाण्याच्या शेतकरी घरातला. 1875 मध्ये गोपाळ दत्तक आला आणि सयाजीराव झाला.

याच सयाजीरावांनी 1893 मध्ये अमरेली भागातल्या काही गावांत सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि 1906 मध्ये तो सगळ्या संस्थानाला लागू केला. मुलगा सात ते बारा वर्षांचा, मुलगी सात ते दहाची. शाळेत नाही धाडली तर बापाला दंड. पणजोबा नेमके तेव्हा सातव्यात. कपाशी वेचायला चार हात कमी पडतात म्हणून बाप कुरकुरला असणार, पण दंड भरण्याची ऐपत नव्हती. रजिस्टरच्या उताऱ्यात वय 7 आणि बापाचा धंदा मजुरी, एवढ्या दोन नोंदी स्पष्ट वाचता येतात.

शाळा गुजराती. त्यामुळे घरात जन्मभर मराठी बोलणाऱ्या या माणसाची सही गुजरातीत, डोक्यावर रेघ नसलेली. देशावरून भाऊबंदांची पत्रं यायची ती मोडीत, आणि ती वाचून घ्यायला त्यांना इनामदाराच्या कारकुनाकडे जावं लागे. साक्षर होते, पण स्वतःच्या नातलगांपुरते निरक्षर.

आता ती तीन वर्षं. 1904 मध्ये संस्थानात बालविवाहाला आळा घालणारा कायदा झाला होता: मुलगी बाराची, मुलगा सोळाचा हवा. लोकांनी तो फारसा मनावर घेतला नाही. बरेच जण दंड भरून लग्न उरकत, लाडवांच्या खर्चात तोही एक खर्च. पणजोबांचं लग्न 1913 च्या उन्हाळ्यात झालं, म्हणजे वय तेरा. दंड वाचवायला वडिलांनी सोळा सांगितलं असावं. याला कागद नाही, हा माझा तर्क आहे. पण सहा वर्षांनी रेल्वेच्या टोळीत नाव घातलं तेव्हा त्यांनी बावीस सांगितलं, आणि बावीसमधून एकोणीस वजा केले तर तेच तीन उरतात. सरकारला एकदा सांगितलेलं वय परत फिरवायचं म्हणजे आधीचं खोटं होतं असं कबूल करायचं.

डभोईची रेल्वे काय होती, हेही सांगायला हवं. 1862 मध्ये मियागामपासून डभोईपर्यंत अडीच फुटी रूळ टाकले, तेव्हा सुरुवातीला गाड्या बैल ओढायचे. पुढे इंजिनं आली, फाटे फुटले आणि डभोई नॅरो गेजचं मोठं जंक्शन झालं. कानमची, म्हणजे या कपाशीच्या पट्ट्याची, काळी जमीन पावसाळ्यात फुगते, रूळ खचतात. खडी दाबायची, रूळ उचलायचा, पुन्हा खडी. शेतातल्या मजुरीपेक्षा हे काम हलकं नव्हतं. पगार मात्र दर महिन्याला ठरल्या दिवशी हातात पडायचा, इनामदाराच्या मर्जीवर नव्हता. आमचं घर सालदारीतून सुटलं ते तिथे. आजोबा पुढे प्रतापनगरच्या कारखान्यात लागले.

पणजोबा नोकरीला लागले तेव्हा रेल्वे महाराजांची होती. 1 मे 1949 ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, 1951 मध्ये पश्चिम रेल्वे झाली. त्यांना मात्र कागदावरच्या वयाने तीन वर्षं आधीच घरी बसावं लागलं. फंडाचे पैसे आणले, त्यातून एक म्हैस घेतली आणि पुन्हा शेतावर जायला लागले.

ते गेले 1996 मध्ये. मृत्यूच्या नोंदीसाठी आजोबांनी हाताशी आलेला रेल्वेचा कागद दाखवला आणि दाखल्यावर वय लागलं 99. शंभरी एका वर्षाने हुकली, अशी हळहळ आमची आजी पुढे कितीतरी वर्षं बोलून दाखवत असे. शाळेचा उतारा तेव्हा कुणाकडे नव्हता.