एआयए आणि टिकी: औद्योगिक वारशाच्या दोन संस्था

ब्रिटनमधील जुन्या कापड गिरण्या, खाणी, कालवे आणि लोखंडी पूल यांच्या जतनाविषयी वाचताना दोन संस्थांची नावे वारंवार भेटतात. एक ‘असोसिएशन फॉर इंडस्ट्रियल आर्किऑलॉजी’, म्हणजे एआयए. दुसरी ‘इंटरनॅशनल कमिटी फॉर द कॉन्झर्व्हेशन ऑफ द इंडस्ट्रियल हेरिटेज’, जिला जगभर ‘टिकी’ या लघुनामाने ओळखतात. अनेक लेखांत एकीचे काम दुसरीच्या नावावर लिहिलेले आढळते आणि एआयए ही टिकीची ब्रिटिश शाखा आहे, असाही समज दिसतो. तो बरोबर नाही.

गोंधळाचे एक कारण दोघींच्या जन्मकाळात आहे. ‘औद्योगिक पुरातत्त्व’ ही संज्ञा ब्रिटनमध्ये रूढ झाली ती मायकेल रिक्स यांच्या 1955 मधील लेखामुळे. पुढे 1961-62 मध्ये लंडनच्या युस्टन स्थानकाची भव्य कमान विरोधाला न जुमानता पाडली गेली आणि औद्योगिक युगाच्या वास्तूही कायमच्या नाहीशा होऊ शकतात, याची जाणीव तीव्र झाली. एआयए 1973 मध्ये स्थापन झाली. त्याच वर्षी, 1779 साली उभारलेल्या लोखंडी पुलासाठी प्रसिद्ध असलेल्या इंग्लंडमधील आयर्नब्रिज येथे औद्योगिक स्मारकांच्या जतनावरची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. दुसरी परिषद 1975 मध्ये जर्मनीतील बोखुम येथे आणि तिसरी 1978 मध्ये स्वीडनमध्ये झाली. या तिसऱ्या परिषदेत टिकी आकाराला आली. म्हणजे आयर्नब्रिजची परिषद टिकीच्या इतिहासाचा आरंभ आहे, एआयएच्या नव्हे, आणि वर्ष व देश एकच असल्याने नेमके इथेच लिहिणारे चुकतात.

एआयए ही ब्रिटनची राष्ट्रीय संघटना आहे. व्यक्तींबरोबरच स्थानिक अभ्यासमंडळेही तिच्याशी जोडलेली असतात, आणि माझ्या मते तिचे खरे बळ या मंडळांत आहे. एखादी गिरणी बंद पडली की यंत्रे भंगारात जाण्याआधी तिथे पोहोचून मोजमापे घेणे, आराखडे काढणे, छायाचित्रे टिपणे, पाणचक्कीची शक्ती कोणत्या दांड्यांवरून आणि पट्ट्यांवरून कोणत्या मजल्यावर जात होती हे समजून घेणे, हे काम जवळ राहणारा जाणकार माणूसच वेळेत करू शकतो. इमारत वाचली तरी यंत्रे हलवल्यावर ही माहिती पुन्हा मिळत नाही, म्हणून नोंद करण्याचे हे काम मला निषेधाच्या पत्रकांहून अधिक मोलाचे वाटते. अशा अभ्यासाला व्यासपीठ मिळावे म्हणून संघटना 1976 पासून ‘इंडस्ट्रियल आर्किऑलॉजी रिव्ह्यू’ हे नियतकालिक चालवते, दरवर्षी परिषद भरवते आणि यंत्रे व वास्तूंच्या दुरुस्तीसाठी अनुदानही देते. कालवे आणि रेल्वे वाचवण्याच्या चळवळीत अग्रभागी असलेले अभियंते आणि लेखक एल. टी. सी. रोल्ट यांच्या स्मरणार्थ ती व्याख्यानही आयोजित करते.

टिकीचे काम वेगळ्या पातळीवर चालते. देशोदेशीचे प्रतिनिधी आणि खाणकाम, वस्त्रोद्योग, रेल्वे अशा विषयांनुसार केलेले विभाग, अशी तिची रचना आहे. रशियातील निझनी तागिल येथे 2003 मध्ये तिने स्वीकारलेल्या सनदेत औद्योगिक वारशाची व्याप्ती ठरवली आहे. तिच्यात कारखाने, गोदामे, ऊर्जानिर्मितीची ठिकाणे आणि वाहतूक यांच्याबरोबर कामगारांची घरे, शिक्षणाच्या आणि उपासनेच्या जागाही येतात. पुढे 2011 मध्ये इकोमॉस या स्मारके आणि स्थळांच्या जतनासाठीच्या आंतरराष्ट्रीय संस्थेसह मान्य झालेल्या डब्लिन तत्त्वांनी कामगारांचे कौशल्य आणि कामाची पद्धत यांनाही वारशात स्थान दिले. जागतिक वारसा यादीसाठी नामांकने तपासणाऱ्या इकोमॉसला औद्योगिक स्थळांबाबत टिकी सल्ला देते. तिथे एखादा कालवा त्याच्या देशात महत्त्वाचा आहे एवढे पुरत नाही, तो जगातील इतर कालव्यांच्या तुलनेत कुठे बसतो हे दाखवावे लागते. कालवे, पूल आणि रेल्वे यांवरचे तुलनात्मक अभ्यास 1990 च्या दशकात झाले ते याच गरजेतून.

दोघींपैकी कुणालाही कायद्याने एखादे पाडकाम थांबवता येत नाही. इंग्लंडमध्ये वास्तूला संरक्षित दर्जा देण्याचा निर्णय ‘हिस्टॉरिक इंग्लंड’च्या शिफारशीवरून सांस्कृतिक खात्याचे मंत्री घेतात, तर जागतिक यादीचा निर्णय 21 सदस्य देशांची जागतिक वारसा समिती घेते.

कॉर्नवॉलमधील खाणींचा इतिहास पाहिला तर या दोन पातळ्या एकाच ठिकाणी दिसतात. लेव्हंट खाणीतील वाफेचे इंजिन भंगारात जाऊ नये म्हणून 1935 मध्ये स्थानिक लोकांनी समिती स्थापन केली, म्हणजे एआयए आणि टिकी अस्तित्वात येण्याच्या कितीतरी आधी. कॉर्नवॉल आणि पश्चिम डेव्हनचे खाण-भूदृश्य जागतिक यादीत आले ते 2006 मध्ये. मधल्या सत्तर वर्षांत यंत्रघरे, चिमण्या आणि खाणींची वाटचाल टिपण्याचे जे काम झाले ते एआयएच्या परंपरेतले आहे. त्या भूदृश्याचे मोल इतर स्थळांशी तुलना करून जगापुढे मांडण्याची गरज मात्र नामांकनाच्या वेळी पडली आणि हे क्षेत्र टिकीचे. म्हणून एका विशिष्ट इंजिनाची किंवा गिरणीची रचना समजून घ्यायची असेल तर अभ्यासकाने ‘रिव्ह्यू’चे अंक आणि स्थानिक मंडळांच्या नोंदी आधी चाळाव्यात, आणि एखाद्या उद्योगाची निरनिराळ्या देशांतील स्थळे ताडून पाहायची असतील तर टिकीचे विषयवार अभ्यास हाती घ्यावेत.