पार्श्वभूमी : बातमी व्हावी म्हणून घडवलेलं सुवर्णपदक

अमेरिकेत कृष्णवर्णीय कर्तबगारीचे सत्कार आज गावोगावी होतात. कुठे चर्चच्या सभागृहात, कुठे महाविद्यालयात, कुठे टीव्हीच्या झगमगाटात. यातला एक जुना आणि अजूनही फार मानाचा समजला जाणारा सन्मान म्हणजे स्पिंगार्न पदक. त्याचा उगम मात्र वर्तमानपत्रांवरच्या रागात आहे.

१९०८ साली इलिनॉय राज्यातल्या स्प्रिंगफील्डमध्ये, म्हणजे अब्राहम लिंकनच्याच गावात, गोऱ्या जमावाने कृष्णवर्णीयांची घरं-दुकानं जाळली, माणसं मारली. त्या धक्क्यातून, लिंकनची जन्मशताब्दी गाठून, १२ फेब्रुवारी १९०९ रोजी एनएएसीपी ही कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारी संघटना उभी राहिली. कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस तिचं मुखपत्र चालवत. पदाधिकाऱ्यांत गोरे बरेच होते. त्यांपैकी एक जोएल स्पिंगार्न. हे ज्यू गृहस्थ कोलंबिया विद्यापीठात साहित्याचे प्राध्यापक होते. कुलगुरूंशी खटके उडाले आणि १९११ मध्ये नोकरी गेली. मग त्यांनी या कामात झोकून दिलं.

गोऱ्यांच्या वर्तमानपत्रांत काळ्या माणसाचं नाव छापून यायचं ते चोरी-मारामारी-खुनाच्या बातमीत. शास्त्रज्ञ, कवी, लष्करी अधिकारी यांच्यावर ओळही नाही. हे स्पिंगार्न यांना सलत होतं. १९१४ साली त्यांनी दरवर्षी एका कृष्णवर्णीय अमेरिकन व्यक्तीला सोन्याचं पदक द्यायची योजना मांडली. पदकाची किंमत १०० डॉलरपर्यंत. निवड समितीत माजी राष्ट्राध्यक्ष विल्यम टाफ्ट यांना बसवलं आणि पदक द्यायला बडी असामी बोलवायची, असं ठरलं. हिशेब उघड होता : राज्यपाल येणार म्हटल्यावर बातमीदार झक मारत येणार.

पहिलं पदक १२ फेब्रुवारी १९१५ रोजी न्यूयॉर्कमध्ये, राज्यपाल चार्ल्स व्हिटमन यांच्या हस्ते दिलं गेलं. मानकरी होते अर्नेस्ट एव्हरेट जस्ट, वय ३१. कृष्णवर्णीयांच्या हॉवर्ड विद्यापीठात शिकवायचे आणि उन्हाळ्यात वूड्स होलच्या सागरी प्रयोगशाळेत समुद्री किड्यांच्या अंड्यांचं फलन कसं होतं ते तपासत बसायचे. डॉक्टरेटही अजून व्हायची होती. त्याच्या चारच दिवस आधी लॉस एंजेलिसमध्ये ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ झळकला होता. कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या हिंसक संघटनेला नायक आणि काळ्या माणसाला जनावर ठरवणारा हा सिनेमा देशभर धो धो चालला. एका पदकाची गाठ कशाशी होती, ते यावरून कळावं. (त्या दिवसांत न्यूयॉर्कमध्येच, कोलंबियात, भीमराव आंबेडकर नावाचा एक विद्यार्थी शिकत होता.)

पदकाने जस्ट यांचं नाव झालं, दारं मात्र उघडली नाहीत. संशोधनासाठी हवी तशी जागा एकाही गोऱ्या विद्यापीठाने देऊ केली नाही. पुढे ते नेपल्स, बर्लिन, पॅरिस असे युरोपात रमले. १९४० मध्ये फ्रान्समध्ये जर्मनांनी त्यांना काही काळ डांबलं. सुटून मायदेशी परतले आणि १९४१ मध्ये वारले. अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढलं १९९६ साली.

पुढची यादी चाळताना चळवळीला त्या त्या वेळी काय दाखवायचं होतं, तेही दिसतं. १९२३ चे मानकरी जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर. वीणा गवाणकरांमुळे ते मराठी घरांत पोहोचले, त्यांची ओळख वेगळी करून द्यायला नको. वकील थर्गूड मार्शल यांना १९४६ मध्ये पदक मिळालं, शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा त्यांचा खटला जिंकायच्या आठ वर्षं आधी. ज्यांनी त्यांना घडवलं ते गुरू चार्ल्स ह्यूस्टन यांना १९५० मध्ये, तेही मरणोत्तर. आणि १९१५ ते १९३९ या पंचवीस वर्षांत स्त्रिया तीनच : मेरी टॅलबर्ट, मेरी मॅक्लाउड बेथ्यून, मेरियन अँडरसन. हे मला खटकतं.

अँडरसन यांचा प्रसंग मात्र स्पिंगार्न यांच्या मनाजोगा झाला असणार. १९३९ मध्ये या गायिकेला वॉशिंग्टनच्या कॉन्स्टिट्यूशन हॉलने, केवळ वर्णामुळे, गायला जागा नाकारली. ईस्टरच्या रविवारी त्या लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर उघड्यावर गायल्या. समोर ७५,००० लोक, शिवाय रेडिओवर देश ऐकत होता. २ जुलैला व्हर्जिनियातल्या रिचमंडमध्ये, म्हणजे यादवी युद्धात गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या राज्यांच्या जुन्या राजधानीत, राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांनी पदक त्यांच्या हाती दिलं. त्याच महिन्याच्या अखेरीस स्पिंगार्न गेले. पदक बंद पडू नये म्हणून मृत्युपत्रात २०,००० डॉलर ठेवून गेले.

१९५० नंतर पदकाचा रंग पालटला. १९५१ च्या नाताळच्या रात्री फ्लोरिडात मतदार नोंदणीचे कार्यकर्ते हॅरी मूर यांच्या घराखाली बॉम्ब फुटला, पती-पत्नी दोघेही गेले. १९५२ चं पदक मूर यांना. १९५८ मध्ये कार्यकर्त्या डेझी बेट्स आणि आर्कान्सातल्या लिटल रॉकमध्ये गोऱ्यांच्या शाळेत पाऊल ठेवणारी नऊ कृष्णवर्णीय मुलं. १९६३ मध्ये नागरी हक्कांचे कार्यकर्ते मेडगर एव्हर्स, तेही गोळीला बळी पडल्यावर.

अशा सन्मानांवर टीका कृष्णवर्णीय समाजातूनही झाली. गोरे उद्योजक विल्यम हार्मन यांच्या फाउंडेशनने १९२६ पासून कृष्णवर्णीयांना पुरस्कार दिले, त्यांच्या चित्रांची प्रदर्शनंही भरवली. चित्रकलेचं पहिलं सुवर्णपदक पामर हेडन यांना मिळालं. पोटासाठी ते साफसफाईची कामं करत, आणि वर्तमानपत्रांना चित्रांपेक्षा झाडूचंच अप्रूप जास्त. १९३४ मध्ये तरुण कृष्णवर्णीय चित्रकार रोमेअर बेअर्डन यांनी लिहिलं, की असल्या प्रदर्शनांतून सुमार कामाला चढवून ठेवलं जातं. चित्र बघायचं सोडून चित्रकाराची कातडी बघणाऱ्यांवर हा रोख होता, आणि तो बिनबुडाचा म्हणता येत नाही.

हार्मन फाउंडेशन १९६७ मध्ये बंद झालं. योगायोगाने त्याच वर्षी एनएएसीपीच्या बेव्हर्ली हिल्स–हॉलिवूड शाखेने सिनेमा-टीव्हीतल्या कृष्णवर्णीय कलावंतांसाठी ‘इमेज अवॉर्ड्स’ सुरू केले. नावातच प्रतिमा आहे. १९१४ मध्ये भांडण वर्तमानपत्रांशी होतं, आता ते पडद्याशी होतं.