युसेबियसला सगळेच का ओढतात

ऑनलाईन कुठे येशू खरंच होऊन गेला का किंवा बायबल कोणी ठरवलं यावर जुंपली की थोड्या वेळात कोणीतरी युसेबियसचं नाव काढतंच. हा पॅलेस्टाईनमधल्या कैसरिया शहराचा बिशप, चौथ्या शतकातला, साधारण ३३९ च्या सुमारास वारला. त्याचे गुरू पँफिलस, त्यांना ३१० मध्ये मारलं, आणि ह्याने गुरूचंच नाव आपल्या नावाला लावलं. आधीच्या शतकातल्या ओरिजेन या ख्रिस्ती विद्वानाच्या पुस्तकांवर उभी राहिलेली कैसरियाची लायब्ररी हाताशी होती म्हणून त्याला चर्चचा इतिहास लिहिता आला, दहा भाग. पेपियस, हेगेसिपस वगैरे सुरुवातीच्या ख्रिस्ती लेखकांची मूळ पुस्तकं गेली, त्यातलं जे काही हाताला लागतं ते बरंचसं ह्याने उतरवून ठेवलं म्हणून. पहिल्या शतकातला ज्यू इतिहासकार जोसेफस, त्याच्या ग्रंथातला येशूवरचा तो वादग्रस्त उतारासुद्धा जसाच्या तसा पहिल्यांदा ह्याच्याकडेच सापडतो, आणि तिथूनच लोक म्हणतात की ह्यानेच घुसडला असणार, पण याला पुरावा म्हणावा असं काही नाही.

खोटारडा हा शिक्का तसा जुना. इतिहासकार गिबनने टोचलं होतं, १९व्या शतकात बुर्कहार्ट या इतिहासकाराने तर सरळ अप्रामाणिक ठरवलं. त्यात युसेबियसच्या दुसऱ्या एका ग्रंथात औषध म्हणून कधी असत्य वापरावं लागतं अशा अर्थाचं एका प्रकरणाचं शीर्षक आहे, लोक तेवढंच फिरवतात, खाली प्लेटोचा उतारा आहे हे बघतच नाहीत. ३२५ च्या नायसिया परिषदेत, म्हणजे बिशपांच्या मोठ्या सभेत, तो होता हे खरं, पण तिथे बायबलमधल्या पुस्तकांची यादी ठरली ही निव्वळ थाप. कुठली पुस्तकं सर्वमान्य आणि कुठल्यांवर वाद, हे त्याने इतिहासाच्या तिसऱ्या भागात लिहिलंय, तेही परिषदेच्या आधी.

आता एवढा चालतो कारण फुकट मिळतो! मॅकगिफर्टचं १८९० चं इंग्रजी भाषांतर कॉपीराईटबाहेर गेलंय, त्यामुळे सर्च केलं की तेच आधी समोर येतं.

आपल्याकडचा धागा त्याच्या इतिहासाच्या पाचव्या भागात आहे. अलेक्झांड्रियाचा ख्रिस्ती शिक्षक पँटेनस भारतात गेला आणि तिथे येशूचा शिष्य बार्थोलोम्यूने ठेवलेलं मत्तयचं शुभवर्तमान त्याला मिळालं म्हणे. यावरून काही अभ्यासक बार्थोलोम्यूला थेट कल्याणला आणून सोडतात. त्या काळी 'भारत' म्हणजे येमेन किंवा इथिओपियाही असू शकतो, आणि गंमत म्हणजे युसेबियसने स्वतः 'असं सांगतात' अशीच भाषा ठेवलीय, फॉरवर्डमध्ये तेवढंच गळतं.