पुणे महानगरपालिकेचे कर्जरोखे

समान पाणीपुरवठा योजनेसाठी पुणे महानगरपालिकेने जून 2017 मध्ये काढलेले 200 कोटी रुपयांचे रोखे, म्हणजे गुंतवणूकदारांकडून व्याजाने घेतलेले कर्ज. मुदत 10 वर्षे, व्याजदर 7.59 टक्के. मुंबई शेअर बाजारात त्यांची नोंदणी झाली. महापालिकेने रोखे काढणे तेव्हा नवे नव्हते: अहमदाबादने 1998 मध्येच राज्याच्या हमीशिवाय 100 कोटी उभे केले होते. मात्र सेबीने, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामक संस्थेने, 2015 मध्ये अशा रोख्यांसाठी स्वतंत्र नियमावली केल्यानंतरचा पुण्याचा हा पहिला मोठा प्रयोग होता. शहराच्या भांडवली कामांचा पैसा किती उघडपणे हाताळला जातो, हे तपासायला तो सोयीचा आहे.

या नियमावलीने पालिकेला बरेच काही उघड करावे लागते. रोखे काढण्याआधी पतमानांकन (कर्ज फेडण्याच्या क्षमतेची श्रेणी) घ्यायचे, लेखापरीक्षित हिशेब मांडायचे, प्रकल्प कोणता ते सांगायचे आणि पैसा त्याच कामावर खर्च करायचा. रक्कम स्वतंत्र खात्यात राहते, परतफेडीसाठी उत्पन्न आधीच बाजूला काढावे लागते.

एवढे असूनही पुण्यात पैसा आधी आला आणि काम मागे राहिले. योजनेच्या निविदा चढ्या दराने आल्याची टीका झाली, त्या रद्द करून फेरनिविदा काढाव्या लागल्या. दरम्यान रोख्यांची रक्कम बँकेत ठेव म्हणून पडून होती आणि पालिका व्याज भरत होती. हे लपले नाही, सभागृहात आणि वर्तमानपत्रांत त्यावर भरपूर वाद झाले. पण उघड असणे म्हणजे नियोजन नीट असणे नव्हे, एवढे त्यातून दिसले.

पालिकेच्या स्वतःच्या पैशातून होणाऱ्या कामांचा माग काढणे याहून अवघड जाते. अंदाजपत्रकाचे जाडजूड पुस्तक आयुक्त स्थायी समितीला सादर करतात, पुढे मुख्य सभा ते मंजूर करते. त्यात दिसते ती तरतूद. वर्षाअखेरीस 'वर्गीकरण' होते, म्हणजे एका कामाची रक्कम दुसऱ्याकडे वळते. त्या प्रस्तावांचा पाठपुरावा केल्याशिवाय मूळ पुस्तकावरून काही कळत नाही. 'स' यादीतली नगरसेवकांची प्रभागातील कामे हा वेगळाच विषय. अनेक वर्षे चालणाऱ्या प्रकल्पांचे पुढचे दायित्व '72 ब'च्या, म्हणजे महापालिका अधिनियमातील त्या कलमाखालच्या, प्रस्तावांतून येते. उड्डाणपुलाचा या वर्षीचा आकडा लहान दिसला, तरी उरलेला बोजा पुढच्या अंदाजपत्रकांवर पडलेला असतो.

मार्च 2022 मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि प्रशासकाची राजवट आली. अंदाजपत्रक मांडणारा आणि मंजूर करणारा अधिकारी एकच झाला. रोखेधारकाला मिळणारी माहिती त्या काळातही नियमाने बांधलेली होती. करदात्याला मात्र माहिती अधिकाराचा अर्ज करून किंवा संकेतस्थळ चाळूनच ती मिळवावी लागत होती.