दवाखान्यातला काटा ‘वाढवून’ ठेवलेला नसतो

“दवाखान्यातला काटा मुद्दाम दोन किलो जास्त दाखवते, म्हणजे गोळ्या खपतात.” यवतमाळ-वाशिमकडच्या गावांत पारावर हे वर्षानुवर्षं चालत आलंय. तसं काही नसतं.

घरी आपण वजन करतो सकाळी, उपाशीपोटी, बनियनवर. दवाखान्यात नंबर लागतो दुपारी. तोवर भाकरी-वरण, दोन कप चहा पोटात गेलेला, एसटीतून उतरल्यावर उन्हाने घसा सुकला म्हणून ढसाढसा पाणी प्यायलेलं. लिटरभर पाणी म्हणजे सरळ एक किलो! नऊवारी, चपला, मोबाईल वेगळेच. हे वजन चरबीचं नाही. लघवी-घामावाटे बरंचसं उतरतं.

संशय घ्यायचाच तर आधी घरच्या काट्यावर घ्या. सारवलेल्या उंचसखल जमिनीवर नाहीतर सतरंजीवर ठेवला की तो चुकतो. खाली सपाट, कडक फरशी हवी, आणि चढण्याआधी काटा शून्यावर.

वजनावर लक्ष ठेवायचं तर काटा एकच, वेळही एकच. हृदयाच्या किंवा किडनीच्या पेशंटचं वजन दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं, तर मात्र काट्याला दोष देत बसू नका. अंगात पाणी साचत असू शकतं; डॉक्टरांना लगेच दाखवा.